ड्रायव्हर मेमरी गिळतोय? लिनक्स कर्नलमधली गळती शोधायचा क्रम

आधी लक्षणं, कारण अर्धे लोक चुकीच्या ठिकाणी शोधायला सुरुवात करतात.

सगळ्यात नेहमीचं लक्षण म्हणजे मशीन बूट झाल्यावर ठणठणीत चालतं आणि काही दिवसांनी जड व्हायला लागतं. टॉपमध्ये सगळ्या प्रोसेसची मेमरी बेरीज केली तरी वापरलेल्या आकड्याशी मेळ बसत नाही. सर्व्हिस रीस्टार्ट करून फरक पडत नाही, रीबूट केलं की लगेच बरं वाटतं. शेवटी ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग, येतो आणि डेटाबेस किंवा एखादी निरपराध प्रोसेस मारून टाकतो. दोष तिच्यावर जातो आणि खरा चोर कर्नलमध्ये तसाच बसून राहतो.

पण गळती फक्त मेमरीची नसते. आरएममॉडने मॉड्यूल (कर्नलला जोडलेला ड्रायव्हरचा तुकडा) काढायला गेल्यावर «मॉड्यूल इज इन यूज» येतं आणि प्रत्यक्षात ते कुणीच वापरत नसतं, ती रेफरन्स काउंटची (कितीजण वापरताहेत या मोजणीची) गळती. ड्रायव्हर पहिल्यांदा नीट बसतो, काढून परत बसवला की उणे १६ म्हणजे ईबिझी येतो, किंवा सिसएफएस (/सिस मधली उपकरणांची नोंद) «कॅनॉट क्रिएट ड्युप्लिकेट फाइलनेम» म्हणून ओरडतं, तेव्हा मेमरी रीजन किंवा एखादी नोंद मागे राहिलेली असते. बोर्ड झोपायला हवा तिथे झोपत नाही आणि बॅटरी उतरते, तेव्हा क्लॉक किंवा रनटाइम पीएमचा (चालू असताना वीज वाचवण्याच्या सोयीचा) काउंट कुणीतरी वाढवून खाली आणलेला नसतो. आणि नेटवर्कवाल्यांच्या परिचयाची ती ओळ, «अनरजिस्टर_नेटडिव्हाइस: वेटिंग फॉर ... टु बिकम फ्री», दर दहा सेकंदांनी लॉगमध्ये येत राहते.

साधा प्रोग्राम मेला की त्याने घेतलेलं सगळं कर्नल परत घेतो. ड्रायव्हरच्या मागे असं आवरायला कुणी नसतं. मॉड्यूल काढलं तरी त्याने केमॅलॉकने (कर्नलमधलं मेमरी मागायचं फंक्शन) घेतलेला तुकडा रीबूटपर्यंत तसाच पडून राहतो. म्हणून वर्षभर चालणाऱ्या गेटवेमध्ये ६४ बाइटची गळतीसुद्धा महाग पडते.

पहिली तपासणी, फुकटची: ही गळतीच आहे का?

फ्री या कमांडमधला «फ्री» रकाना बघून घाबरू नका. लिनक्स मोकळी मेमरी पेज कॅशसाठी वापरतो आणि गरज पडली की परत देतो. बघायचा तो «अव्हेलेबल» रकाना. त्यापुढे /प्रोक/मेमइन्फो उघडा आणि एस-रीक्लेमेबल आणि एस-अनरीक्लेम या दोन ओळी वेगळ्या बघा; कर्नल स्वतःच्या छोट्या वस्तू ठेवतो त्या स्लॅब मेमरीचे हे परत घेता येणारे आणि न येणारे भाग. पहिलीत डेंट्री आणि आयनोडच्या (फाइलींची नावं आणि माहिती) कॅश असतात, त्या फुगणं हा दोष नाही. खात्री हवी असेल तर आधी सिंक करून /प्रोक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस मध्ये ३ लिहा. आकडा खाली आला तर तुमची तक्रार इथेच संपली. एस-अनरीक्लेम मात्र तसाच उंच राहिला, आणि काल होता त्यापेक्षा आज जास्त असेल, तर पुढे वाचा.

आता हा आकडा नोंदवत राहा. क्रॉनमध्ये एक ओळ टाकून दर तासाला तारीख-वेळेसकट फाइलीत लिहिला तरी पुरे. या नोंदीचा खरा उपयोग घड्याळाशी ताडण्यात नाही, घटनांशी ताडण्यात आहे. काहीच न करता आकडा संथ वाढतो? मग टायमर, वर्कक्यू किंवा इंटरप्टच्या वाटेवर शोधा. यूएसबी उपकरण निघालं-लागलं की पायरी चढतो? प्रोब (उपकरण सापडल्यावर चालणारं फंक्शन) किंवा डिस्कनेक्ट. ॲप्लिकेशन डिव्हाइस फाइल उघडून बंद करतं तेव्हा वाढतो? ओपन आणि रिलीज. सस्पेंड-रिझ्यूमनंतर? मग त्या दोन कॉलबॅकमध्ये. माझ्या मते निदानाचं निम्मं काम इथेच होतं, आणि लोक नेमकं हेच टाळून सरळ डीबग कर्नल बिल्ड करायला घेतात.

स्लॅब स्थिर आहे आणि तरी मेमरी जातेय, असंही होतं. तेव्हा संशय थेट पानं घेणाऱ्या कोडवर, डीएमए बफरवर (उपकरण थेट वाचतं-लिहितं ती मेमरी) किंवा व्हीमॅलॉकवर (मोठे तुकडे देणारं फंक्शन) घ्या. /प्रोक/व्हीमॅलॉकइन्फो मध्ये प्रत्येक नोंदीपुढे ती कोणत्या फंक्शनने घेतली ते लिहिलेलं असतं, आयओरीमॅपने जोडलेली उपकरणाची मेमरीसुद्धा तिथेच दिसते. एकाच फंक्शनच्या नावाच्या ओळी वाढत असतील तर गुन्हेगार सापडलाच.

दुसरी: डीमेसेज (कर्नलचा लॉग) शेवटपासून नाही, सुरुवातीपासून वाचा

ओओएमच्या वेळी कर्नल जो लांबलचक गोषवारा छापतो त्यात «स्लॅब_अनरीक्लेमेबल» चा आकडा असतो. तो फारच वाढलेला असेल तर कोणती कॅश किती मोठी आहे याची यादीही खाली येते. बहुतेक लोक फक्त कोण मेलं ती ओळ वाचतात.

आणखी काही ओळी हमखास शोधाव्यात. «रिमूव्हिंग नॉन-एम्प्टी डिरेक्टरी आयआरक्यू, लीकिंग ॲट लीस्ट ...» अशी ओळ आणि पुढे ड्रायव्हरचं नाव असेल, तर फ्री_आयआरक्यू, म्हणजे इंटरप्ट परत करणं, राहून गेलंय. ही क्षुल्लक गळती समजू नका. इंटरप्ट दुसऱ्या उपकरणाबरोबर वाटून घेतलेला असेल तर मॉड्यूल गेल्यावरही कर्नल त्या हँडलरला बोलावतो, आणि तिथे आता कोडच नसतो. वीजपुरवठा सांभाळणाऱ्या रेग्युलेटर कोअरच्या फाइलमधून आलेली वॉर्निंग, ज्यात _रेग्युलेटर_पुट चं नाव दिसतं, ती बहुतेक वेळा सांगते की चालू केलेला रेग्युलेटर बंद न करताच परत केलाय. क्लॉकसाठी अशी आरडाओरड होत नाही, तिथे डीबगएफएसमधली (/सिस/कर्नल/डीबग) क्लॉक_समरी उघडून एनेबल काउंट स्वतः बघावा लागतो.

तिसरी: कोणती कॅश?

रूट होऊन स्लॅबटॉप चालवा, आकाराप्रमाणे लावून घ्या आणि दोन वेळांचे आउटपुट शेजारी ठेवा. एखाद्या ड्रायव्हरच्या स्वतःच्या नावाची कॅश वाढत असेल तर नशीब. बहुधा वाढते ती केमॅलॉक-६४ किंवा केमॅलॉक-१९२, आणि ती सगळ्यांचीच असते. तरी आकार कळतो. १२९ ते १९२ बाइटच्या दरम्यानची रचना कोणती, एवढा प्रश्न घेऊन कोडकडे गेलं की यादी बरीच लहान होते.

इथे एक चकवा आहे. स्लब ॲलोकेटर (स्लॅब सांभाळणारा कर्नलचा कोड) सारख्या आकाराच्या कॅश एकत्र करून टाकतो आणि दिसणारं नाव भलत्याचंच असू शकतं. एका गेटवे बोर्डवर आम्ही फाइलसिस्टिमच्या नावाने बोंब मारत होतो आणि वाढ होत होती सिरियल ड्रायव्हरमध्ये. बूट ओळीत स्लॅब_नोमर्ज टाका आणि मग मोजा. याला पैसे लागत नाहीत, फक्त एक रीबूट.

तुम्ही सिस्टिम ॲडमिन असाल आणि सी वाचणं तुमचं काम नसेल, तर इथे थांबा. इथवरची माहिती ज्याच्याकडे कोड आहे त्याच्या हातात द्या. रात्री ठरावीक वेळी रीबूट लावून दिवस काढणं यात कमीपणा काही नाही. मॉड्यूल काढून परत टाकण्याचा क्रॉन मात्र लावू नका. गेलेली मेमरी त्याने परत येत नाही, उलट गळती प्रोबमध्ये असेल तर वेग वाढतो.

चौथी: बांधा, सोडा, मोजा

सिसएफएसमध्ये प्रत्येक ड्रायव्हरच्या फोल्डरात बाइंड आणि अनबाइंड अशा दोन फाइली असतात. उपकरणाचं नाव अनबाइंडमध्ये लिहा, मग बाइंडमध्ये लिहा, असं शेलच्या लूपमध्ये शंभर वेळा करा आणि आधी-नंतरचा स्लॅब ताडून बघा. एखाद्या कॅशमध्ये शंभराच्या पटीत वस्तू वाढल्या असतील तर प्रोब-रिमूव्हची जोडी तुटलेली आहे. पहिल्या काही फेऱ्यांत प्रत्येक सीपीयूच्या कॅश भरण्यामुळे आकडा हलतो, त्याला भुलू नका. उतार बघा.

ज्या डिस्क कंट्रोलरवर रूट फाइलसिस्टिम आहे किंवा ज्या नेटवर्क कार्डातून तुम्ही एसएसएच करून आत आला आहात, त्यावर हा प्रयोग करू नये, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण लोक करतात.

दुसऱ्या बाजूने हाच खेळ कर्नलकडूनच करून घेता येतो. कॉन्फिग_डीबग_टेस्ट_ड्रायव्हर_रिमूव्ह चालू केलं की बूट होताना प्रत्येक ड्रायव्हर प्रोब होतो, काढला जातो आणि परत प्रोब होतो. रिमूव्हची वाट ज्यांनी कधी चालवूनच पाहिलेली नाही ते ड्रायव्हर इथे पटापट पडतात. प्रॉडक्शनवर अर्थातच नाही.

पाचवी: कोड वाचणं

आता कागद-पेन्सिल. प्रोब वरून खाली वाचा. जिथे काही घेतलं तिथे डावीकडे खूण, जिथे रिटर्न आहे तिथे उजवीकडे. प्रत्येक रिटर्नपाशी थांबून विचारा, इथवर जे हातात आहे ते सगळं परत गेलं का? यशाच्या वाटेवर गळती क्वचित असते, कारण ती रोज चालते. गळती राहते ती चूक झाल्यावरच्या वाटेवर, जी लिहिणाऱ्याच्या टेबलावर कधी चाललेलीच नसते.

«प्रोब फेल होणार ते एकदाच, मग काय फरक पडतो» असं ऐकायला मिळतं. फरक पडतो. प्रोब ईप्रोब_डिफर («अजून तयार नाही, नंतर बोलाव») परत करतो तेव्हा कर्नल त्याला नंतर पुन्हा बोलावतो. क्लॉक, रेग्युलेटर, जीपीआयओ यांपैकी कुणी उशिरा आलं तर एकाच बूटमध्ये ती वाट कितीदा तरी चालते, आणि दर वेळी थोडं सांडत जाते.

परत परत तीच ठिकाणं सापडतात.

चूक झाल्यावर घेतलेलं परत करणाऱ्या लेबलांच्या शिडीत मधेच सरळ रिटर्न. कुणीतरी नंतर एक तपासणी घुसवली, तिच्यात गोटू लिहायचं सोडून रिटर्न लिहिलं. किंवा गोटू आहे पण एक पायरी खालच्या लेबलवर.

पीएम_रनटाइम_गेट_सिंक, उपकरण जागं करून काउंट वाढवणारं. हे अपयशी ठरलं तरी काउंट वाढवतंच. त्यामुळे «मिळालंच नाही तर परत काय करायचं» हा तर्क इथे चुकतो. या सापळ्यात इतके ड्रायव्हर अडकले की ५.१० कर्नलमध्ये पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट आलं, ते अपयशात काउंट स्वतःच खाली आणतं. नवीन कोडमध्ये तेच वापरा.

डिव्हाइस ट्रीवरचं (बोर्डवरच्या उपकरणांचं वर्णन) फॉर_ईच_चाइल्ड_ऑफ_नोड हे लूप. प्रत्येक फेरीत ते आधीच्या नोडचा रेफरन्स सोडतं आणि पुढचा धरतं. पूर्ण संपलं तर हिशेब जुळतो, मधे ब्रेक किंवा रिटर्न केलं तर हातातला नोड तसाच राहतो आणि ऑफ_नोड_पुट तुम्हालाच करावं लागतं. अलीकडच्या कर्नलमध्ये याचं «स्कोप्ड» रूप आहे, ते हे स्वतः करतं. «फाइंड» नाव असलेली बरीचशी फंक्शन्सही अशीच: ऑफ_फाइंड_डिव्हाइस_बाय_नोड शोधून देतं तेव्हा रेफरन्स वाढवून देतं. नावावरून ते कळत नाही, वरची कॉमेंट वाचावी लागते.

डिव्हाइस_रजिस्टर फसलं तर केफ्री नाही, पुट_डिव्हाइस. तोवर आतलं नाव वगैरे कर्नलने घेतलेलं असतं आणि ते रिलीज कॉलबॅकमधूनच सुटतं.

यूएसबीमध्ये यूआरबी (देवाणघेवाणीची विनंती) सोडला म्हणजे त्याचा बफर सुटला असं नाही. यूएसबी_अलॉक_कोहेरंट ने घेतलेला डीएमए बफर यूएसबी_फ्री_यूआरबी सोडत नाही, तो वेगळा सोडावा लागतो. २०२१ मध्ये यूएसबी-कॅन ॲडॉप्टरच्या (कॅन हे गाड्यांत वापरलं जाणारं नेटवर्क) अनेक ड्रायव्हरमध्ये, एमसीबीए, ८डेव्ह, ईएमएस, ईएसडी, नेमकी हीच चूक सापडली आणि दुरुस्त झाली. इंटरफेस खाली-वर केला की बफर मागे राहत होते. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी उचललं. म्हणून एका ड्रायव्हरमध्ये चूक सापडली की त्याच फोल्डरातले शेजारी ग्रेप करून बघा.

आणि डेव्हएम. २००७ मध्ये २.६.२१ कर्नलबरोबर तेजुन हिओ यांनी ही सोय आणली: डेव्हएम_ ने सुरू होणारं फंक्शन वापरून जे घ्याल ते उपकरण सुटताना उलट्या क्रमाने आपोआप परत जातं. निम्म्या गळत्यांवर हा इलाज आहे, पण त्याच्या दोन उलट्या बाजू लक्षात ठेवा. एक, डेव्हएम_केझॅलॉक ओपनमध्ये किंवा आयओसीटीएलमध्ये वापरलं तर ती मेमरी फाइल बंद झाल्यावर सुटत नाही, ड्रायव्हर सुटेपर्यंत साठत राहते. दोन, डेव्हएमची आवराआवर रिमूव्ह संपल्यावर होते. इंटरप्ट डेव्हएमने घेतला आणि त्याला लागणारा बफर रिमूव्हमध्ये हाताने केफ्री केला, तर मधल्या फटीत आलेला इंटरप्ट सोडलेल्या मेमरीत लिहितो. एका ड्रायव्हरमध्ये अर्धं डेव्हएम आणि अर्धं हाताने असं दिसलं की मला आधी तिथेच बघावंसं वाटतं.

यंत्राची मदतही घ्या. कर्नलच्या झाडातच कॉक्सिनेल या कोड तपासणाऱ्या साधनाचे नियम आहेत, मेक कॉक्सीचेक म्हटलं की चालतात, आणि लूपमधून अर्धवट बाहेर पडणारा कोड त्यात पकडला जातो. स्मॅच हे दुसरं हत्यार. दोघांच्याही तक्रारी आंधळेपणाने मानू नका.

सहावी: केमेमलीक आणि त्याचे भाऊबंद

यासाठी वेगळा कर्नल बिल्ड करावा लागतो, म्हणून एवढ्या खाली. कॅटालिन मारिनास यांचं केमेमलीक २००९ मध्ये २.६.३१ मध्ये आलं. ते मेमरी चाळून बघतं की घेतलेल्या तुकड्याकडे बोट दाखवणारा एकही पॉइंटर उरलाय का. उरला नसेल तर संशयित, आणि तो तुकडा कुठून घेतला त्याचा स्टॅक ट्रेस देतं. आपोआप दर दहा मिनिटांनी चाळतं, पण वाट बघायची गरज नाही: /सिस/कर्नल/डीबग/केमेमलीक मध्ये «स्कॅन» लिहा, मग «क्लिअर» लिहून जुने संशयित बाजूला करा, तुमचा प्रयोग करा, आणि दोनदा «स्कॅन» करून वाचा. दोनदा अशासाठी की क्षणभर फक्त रजिस्टरमध्ये असलेला पॉइंटर पहिल्या फेरीत खोटा संशय निर्माण करतो.

केमेमलीक गप्प आहे म्हणून ड्रायव्हर निर्दोष ठरत नाही. यादीत लटकून राहिलेली वस्तू त्याला दिसत नाही, कारण तिच्याकडे पॉइंटर आहे. ओपनमधल्या डेव्हएमची साठवण याच कारणाने त्याच्या नजरेतून निसटते. थेट अलॉक_पेजेस ने घेतलेली पानंही ते धरत नाही, त्यासाठी पेज_ओनर चालू करून बूट करावं लागतं. तुमचा कर्नल ६.१० किंवा नंतरचा असेल तर मेमरी ॲलोकेशन प्रोफाइलिंग चालू करा आणि /प्रोक/अलॉकइन्फो वाचा. कोडच्या कोणत्या ओळीने किती घेतलंय याची सरळ यादी मिळते, दोन वेळचा डिफ काढला की झालं. व्हेंडरच्या जुन्या बीएसपीवर (बोर्डसोबत येणाऱ्या कर्नलवर) अडकलेल्यांना ही चैन नाही. डीएमएसाठी कॉन्फिग_डीएमए_एपीआय_डीबग आहे. उपकरण सुटताना मॅपिंग शिल्लक असेल तर ते बोंब ठोकतं.

चुकीची वाट मुद्दाम चालवायची असेल तर फेलस्लॅब. फॉल्ट इंजेक्शनच्या या सोयीने केमॅलॉकला ठरवून नापास करता येतं, प्रोबमधला पहिला, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक फेरीनंतर केमेमलीक बघा. कंटाळवाणं काम आहे आणि दुसऱ्या कशानेच न सापडणारं सापडतं.

दुरुस्ती करताना

गळती सापडली की हात शिवशिवतात आणि जिथे रिटर्न आहे तिथे एक केफ्री टाकला जातो. थांबा. आधी ठरवा की ही वस्तू या क्षणी कुणाची आहे. मांडववाल्याकडून भांडी ज्याच्या सहीने येतात त्याच्याच सहीने परत जायला हवीत, दोघांनी परत केली तर घोळ होतो. रजिस्टर झालेली वस्तू कोअरच्या मालकीची झाली असेल आणि तुम्ही तीच सोडलीत, तर गळतीच्या जागी डबल फ्री किंवा सोडलेल्या मेमरीचा वापर तयार होतो. गळतीने मशीन हळूहळू थकतं. दुसऱ्या प्रकाराने डेटा बिघडतो आणि सुरक्षेला भोक पडतं.

मेंटेनर (कर्नलचा तो तो भाग सांभाळणारे) अशा दोन ओळींच्या पॅचकडे संशयाने बघतात त्याला इतिहास आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी छोट्या दुरुस्त्यांच्या रूपात मुद्दाम सदोष पॅच पाठवल्याचं प्रकरण गाजलं, आणि एप्रिल २०२१ मध्ये स्टेबल कर्नलचे मेंटेनर ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे पॅच घेणं थांबवलं. तेव्हा «इथे पुट राहिलाय» एवढंच लिहू नका. कुणी घेतला, कोणत्या वाटेवर सुटला नाही, आणि आता दोनदा सुटणार नाही हे कशावरून, ते कमिट मेसेजमध्ये लिहा. शक्य असेल तिथे हाताने फ्री वाढवण्यापेक्षा डेव्हएमकडे किंवा ६.५ पासून आलेल्या क्लीनअप.एच मधल्या __फ्री कडे वळा. जुना ड्रायव्हर एका दमात पूर्ण बदलू नका, आधी गळतीचा छोटा पॅच, कारण तोच जुन्या स्टेबल कर्नलवर नेता येतो.

कधी थांबायचं

लॉगमध्ये «रेफकाउंट_टी: अंडरफ्लो; यूज-आफ्टर-फ्री», «लिस्ट_डेल करप्शन» किंवा केसॅनचा (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन) अहवाल आला, तर ही आता नुसती गळती राहिलेली नाही. त्या मशीनवर प्रयोग बंद, लॉग वाचवा, रीबूट करा, आणि डिस्कवर लिहिणारं काही चालू ठेवू नका.

ड्रायव्हर बंद सोर्सचा असेल किंवा कर्नलच्या झाडाबाहेरचा असेल, /प्रोक/सिस/कर्नल/टेंटेड शून्य दाखवत नसेल, तर मेनलाइनवाले (मूळ कर्नलचे लोक) हात लावणार नाहीत. आधी तो ड्रायव्हर काढून दोष राहतो का बघा, नाहीतर व्हेंडरकडे तिकीट टाका आणि त्याच्या मागे लागा. वैद्यकीय उपकरण, गाडीतला कंट्रोलर, प्रमाणपत्र घेतलेलं कुठलंही यंत्र, यांत स्वतः पॅच लावू नका. दोष समजला असला तरीही नाही.

उपकरण ओढून काढलं आणि डिव्हाइस फाइल अजून कुणाच्या तरी हातात उघडी आहे, हा प्रश्न आला की तोही एकट्याने सोडवायचा नाही. व्हिडिओ आणि ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये हे आयुष्यमान तीन-चार थरांत वाटलेलं असतं आणि कागदावर बरोबर दिसणारा पॅच चौथ्या थरात फुटतो. स्क्रिप्ट्स फोल्डरातलं गेट_मेंटेनर त्या फाइलीवर चालवा, आलेल्या पत्त्यांवर लिहा. सोबत कर्नलची आवृत्ती आणि कॉन्फिग, बूटपासूनचा पूर्ण डीमेसेज, दोन वेळचे मेमइन्फो आणि स्लॅबटॉप, केमेमलीकचा ट्रेस असेल तर तो, आणि कोणती कृती किती वेळा केली की आकडा किती वाढतो ते. यातली शेवटची गोष्ट नसेल तर पहिलं उत्तर तीच मागणारं येईल.